बाईंचं सुतक

आमच्या बाई दर वर्षी एकदा मरायच्या.

केतकी, निखिल, घाबरू नका. ही भुताची गोष्ट नाही. परवा फोनवर केतकी सांगत होती की तिच्या संस्थेने सगळ्यांना नेतृत्व शिकायला तळ्याकाठच्या एका हॉटेलात नेलं होतं आणि तिथे डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांच्या हातांवर मागे पडायला लावलं. तेवढ्यात निखिल मागून ओरडला, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" असलं नव्हतं, दुसरं होतं. ते फोनवर सांगायला बसले तर तुमचं जेवण निवेल आणि माझं नेट जाईल. म्हणून लिहून काढते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

लोणावळ्याच्या शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्यानंतरची ही गोष्ट. मावळात मजुरीला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवणारी एक छोटी संस्था होती. तिला देणगीदारांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायला आणि सभांचं इतिवृत्त लिहायला कोणीतरी हवं होतं. मळवली स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं कार्यालय. मी इस्त्रीची साडी नेसून, प्रमाणपत्रांची फाइल घेऊन गेले. दाराशी चपलांच्या ढिगात पांढरे कॅनव्हासचे बूट होते आणि आत एक उंच, सडपातळ बाई जमिनीवर बसून मोडक्या पाळण्याला दोरी बांधत होत्या. फाइलकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"तुम्ही शाळा सोडलीत. मग शाळा बंद पडली का?"

"छे! चांगली चालली आहे."

"तुमची आठवण काढून कोणी रडतं?"

मला जरा रागच आला. "आता कशाला रडतील? नव्या मुख्याध्यापिका हुशार आहेत."

"मग तुम्ही काम चांगलं केलंत," दोरीची गाठ दातांनी आवळत त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या, हेडबाई."

झाली माझी मुलाखत. आपलं कौतुक झालं की अपमान, हे घरी पोचेपर्यंत मला ठरवता आलं नाही. हेडबाई हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे विश्वस्त मंडळावर घेतलं तरी गावोगावच्या पोरांसकट सगळे मला हेडबाईच म्हणत राहिले.

त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. संस्था त्यांनीच सुरू केलेली. त्याआधी तळेगावकडच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. सुती साडीवर ते पांढरे बूट घालून त्या बांधाबांधाने चालायच्या. आवाज असा की आमची कुंदा म्हणायची, "बाईंनी हितनं हाक मारली तर लोहगडावरची म्हस माघारी वळंल." पण तो आवाज मी क्वचितच ऐकला. बाई बोलायच्या हळू, आणि बोलण्यापेक्षा विचारायच्या जास्त. कोणी अडचण घेऊन आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "मी नसते तर काय केलं असतंस?" समोरची गडबडून काहीतरी सांगायची. मग बाई म्हणायच्या, "मग तेच कर की." मला सुरुवातीला हा कामचुकारपणा वाटला होता.

नव्याने रुजू झालेल्या बायकांना घेऊन त्या विसापूरचा किल्ला चढायच्या. हेच त्यांचं प्रशिक्षण. नियम एकच: सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढे. एकदा आमच्याबरोबर एका देणगीदार कंपनीचा अधिकारी आला होता, पावलं मोजणारं घड्याळ घातलेला उमदा तरुण. तो भराभर पुढे निघाला. बाईंनी खालून हाक दिली, "साहेब, मागे या. पुढे गेलात तर तुम्ही एकटेच वर पोचाल." तो बिचारा हसत मागे आला. त्या दिवशी पुढे होती अनसूया. तिचा एक पाय लहानपणापासून अधू. पहिल्या चढावर ती दर चार पावलांना मागे वळून "माझ्यापायी समद्यांना उशीर" म्हणत होती. निम्म्या वाटेवर तिने मागे वळणं सोडलं. पुढे एका झाडाखाली थांबून, मागे न बघताच म्हणाली, "पानी हितं पिऊन घ्या. वर सावली न्हाई." सगळे मुकाट बसले, तो अधिकारीही बसला. वर पोचलो तेव्हा भाकऱ्या गार होऊन वातड झाल्या होत्या. परतीच्या वाटेवर बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "कार्ल्याचं पाळणाघर अनसूया चालवेल." आणि तिने ते चालवलं.

त्याच किल्ल्यावर, भिंतीला टेकून भाकरी खाताना, त्यांनी एकदा मला शिट्टीची हकीकत सांगितली. शाळेत असताना त्यांनी मुलींचा कवायतीचा संघ तयार केला होता. स्पर्धा जवळ आली आणि बाईंना विषमज्वर झाला. बऱ्याच दिवसांनी, केस कापलेल्या अवस्थेत त्या शाळेत गेल्या, तशा मुली धावत आल्या. "बाई, आम्ही रोज मैदानावर रांगेत उभ्या राहायचो. तुमची वाट बघायचो आणि घंटा झाली की वर्गात जायचो. तुमच्याशिवाय आम्ही एक हातसुद्धा वर केला नाही!" सांगताना पोरींचे चेहरे अभिमानाने फुलले होते.

"मी त्यांची पाठ थोपटली," बाई म्हणाल्या, "आणि घरी जाऊन रडले. हेडबाई, मला वाटत होतं मी संघ बांधला. मी नुसती शिट्टी वाजवत होते."

त्यानंतर त्यांनी कधी शिट्टी हातात धरली नाही.

माणसं निवडण्याची त्यांची तऱ्हाही न्यारी. कुंदाचंच बघा. कुंदा भाजे गावची. भातलावणीला जाताना मुलगा आमच्या पाळणाघरात ठेवायची. एका संध्याकाळी त्याच्या गालावर दुसऱ्या पोराच्या दातांचे वळ दिसले. कुंदा दारात उभी राहून अशी कडाडली की आतली झोपलेली मुलं उठून रडायला लागली. "पोरं सांभाळता का कोंबडी? हितं बसून काय गप्पा हाणता व्हय? एकीचं तरी ध्यान हाय का?" योगायोगाने बाई आणि मी तिथेच होतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या.

"आता कशाला यीन? माजं पोर मी घिऊन चालले."

"पोराला घेऊनच ये. भांडायला ये. आमच्यात कोणी भांडतच नाही."

कुंदा आली आणि खरोखर भांडली. तांदळाच्या दुकानदाराशी, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेशी, सरपंचांशी, माझ्या टाचण्यांनी लावलेल्या कागदांशीसुद्धा. "हेडबाई, तुमचं कागद लय देखणं असत्यात, पर पोरांच्या हाताला लागतील त्या टाचण्या." वर्षा-दोन वर्षांत ती भाज्याच्या पाळणाघराची ताई झाली. आमच्याकडे पाळणाघर चालवणारीला ताई म्हणायचे आणि तिच्या हाताखाली मदत करणारीला मावशी.

नेतृत्वाची शिबिरं आम्हालाही चुकली नाहीत. एका देणगीदाराने आम्हाला सगळ्यांना लोणावळ्यातल्या रिसॉर्टवर बोलावलं होतं. शिकवणारी मुलगी गोड होती. तिने भिंतीवर रंगीत कागद लावले आणि सांगितलं, दहा वर्षांनी तुमची संस्था कशी असेल त्याचं चित्र काढा. बाई बराच वेळ मान खाली घालून रंगवत होत्या. चित्रात पाळणाघर होतं, पाळणे होते, मुलं होती, ताया होत्या, मागे डोंगरही होता.

"फार छान! पण बाई, तुम्ही स्वतःला काढायला विसरलात," ती मुलगी म्हणाली.

"विसरले नाही," बाई म्हणाल्या आणि डोंगराला हिरवा रंग देत बसल्या.

आता त्यांच्या मरणाकडे येते.

दर वर्षी कधीतरी, आधी काहीही न सांगता, बाई सकाळी कार्यालयात यायच्या, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मी गेले. आता तुमचं तुम्ही बघा." तिथून महिनाभर त्या संस्थेपुरत्या मेलेल्या असायच्या. घरात कोणी गेलं की काही दिवस पाळायचे असतात, त्याला सुतक म्हणतात. म्हणून बायका ह्या महिन्याला 'बाईंचं सुतक' म्हणायला लागल्या. पहिल्या वर्षी कोणीतरी विचारलं, "पर बाई, तुमच्या जागी कुनाला नेमलंय?" बाई म्हणाल्या, "मेलेलं माणूस नेमणूक करतं का?" मग बायकांनी आपसांत दोन दिवस भांडून एकीला पुढे केलं.

आणि बाई कुठे जायच्या? कुठेच नाही. त्या महिन्यात त्या एखाद्या पाळणाघरात सगळ्यात नवी मावशी म्हणून कामाला लागायच्या. कालपरवा आलेल्या पोरीने सांगितलं की दुपटी धुवायच्या, पेज ढवळायच्या, पोरांची ढुंगणं धुवायच्या. कोणी सल्ला विचारला तर म्हणायच्या, "मी आजच लागलेय कामाला, मला काय ठाऊक!" एकदा बायकांच्या लक्षात आलं की निर्णय चुकत असला की लसूण सोलता सोलता बाईंची भुवई वर जाते. मग बायका भुवई बघून निर्णय बदलायला लागल्या. बाईंना हे कळलं, तशा दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या.

गावात याची चर्चा झालीच. भाज्याचे एक म्हातारे आबा मुद्दाम काठी टेकत आले. "बाई, जित्या माणसाचं सुतक? हे अवलक्षण हाय बगा."

"आबा, तुम्ही गेल्यावर तुमचं शेत कोण करणार?"

"पोरं करत्याल की."

"त्यांनी कधी एकट्यानं केलंय?"

"मी करू दीन तवा ना!" आबा म्हणाले, आणि स्वतःशीच हसत, मान हलवत परत गेले.

ह्या विक्षिप्तपणाच्या मागे काय होतं ते मला हळूहळू कळलं. बाईंना भीती वाटायची, आणि भीती एकाच गोष्टीची होती. त्या गेल्या की बायका कवायतीच्या मुलींसारख्या रांगेत उभ्या राहतील आणि घंटा झाली की घरी जातील. गावोगावची ती मुलं पुन्हा बांधावर, ऊनपावसात, आईच्या पदराखाली झोपतील. सुतकाच्या महिन्यात कामं नीट व्हायची, पण ती बाईंना आवडतील अशीच व्हायची. बाईंच्या मनाविरुद्ध कोणी काही केलं नव्हतं. त्यांना 'नाही' म्हणणारं माणूस संस्थेत नव्हतं. मी धरून.

मग ते रविवारचं प्रकरण निघालं.

बाईंचा एक कायदा होता: रविवारी पाळणाघर बंद. "रविवार आईचा," त्या म्हणायच्या. "आठवड्यातनं एक दिवस पोराला आई पुरती मिळाली पाहिजे." कोणी कितीही विनवलं तरी त्यात बदल नाही. पण आपला मावळ बदलला होता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भाज्याच्या धबधब्याकडे गाड्यांची रांग लागते. बायका आता सोमवारी घरी आणि रविवारी कामावर: कोणी बंगल्यावर स्वयंपाकाला, कोणी रस्त्याकडेला कणसं भाजायला. कुंदाने सभेत विषय काढला. "बाई, रईवारीच पोरं रस्त्यावर असत्यात. गाड्यांच्या धुरात, निखाऱ्याच्या शेजारी. आई आसती, पर तिला पोराकडं बगाया सवड कुटं?"

"रविवार आईचा," बाई म्हणाल्या. कुंदा गप्प बसली. मी इतिवृत्तात विषय संपल्याची नोंद केली.

त्यानंतर आषाढातल्या एका सकाळी बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बायकांनी ह्या खेपेला कुंदाला पुढे केलं, आणि कुंदाने पहिलाच निर्णय घेतला: भाज्याचं पाळणाघर रविवारी उघडं, सोमवारी बंद.

मी तडक भाज्याला गेले. बाई त्या वर्षी तिथेच मावशी होत्या. भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत होत्या.

"बाई, कळलं का तुम्हाला?" मी म्हटलं. "तुमचा इतक्या वर्षांचा नियम मोडला हिने. तुम्ही असताना!"

"मी कुठे आहे?" बाई भिंतीला म्हणाल्या. मग जरा सरकून त्यांनी मला जागा करून दिली. "लसूण सोलायला बसता का? रविवारी जास्त मुलं येणार म्हणतात." त्यांच्या आवाजात आनंदही नव्हता आणि रागही. पण लसणाच्या पाकळ्या त्या नखाने चिरडत होत्या.

त्या रविवारी मी पाहायला गेले. पाऊस रिमझिमत होता, गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि पाळणाघरात मुलं इतकी की पाय ठेवायला जागा नाही. तिच्या हाताखालची तरणी मावशी सुमन धावपळ करत होती, आणि कुंदा खुशीत होती. दुपारी पेज वाढताना तिने मुलं मोजली आणि ती जागच्या जागी थांबली. पुन्हा मोजली. कणसं भाजणाऱ्या रेखाची स्वरा, तीन वर्षांचीही नव्हती पोर, ती कुठे दिसेना.

चूक काय झाली होती ते मला दारातच कळलं. आमच्या पाळणाघरांची दारं कधी लावलेली नसायची. गरजच नव्हती. पोर बाहेर गेलं तर समोरच्या ओट्यावरची म्हातारी हटकायची, पुढच्या घरातली सून उचलून आणून द्यायची. सगळं गावच कुंपण होतं. रविवारी मात्र ओट्यावर म्हातारी नव्हती, घरात सून नव्हती. सगळं गाव धबधब्याच्या रस्त्याला धंद्यावर गेलं होतं, आणि गल्लीतून छत्र्या घेतलेले अनोळखी लोक चालले होते. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण ह्या गावाने दार लावण्याचा विचारच कधी केला नव्हता.

एका बाजूला गाड्यांचा रस्ता, दुसऱ्या बाजूला दुथडी वाहणारा ओढा. एक मावशी रडायला लागली. आणि सगळ्या बायकांनी, मीसुद्धा, एकाच वेळी बाईंकडे पाहिलं.

बाई परातीशेजारून उठल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. आता त्या तोंड उघडतील, तो आवाज डोंगरावर आदळेल आणि सगळं मार्गी लागेल, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात त्याची वाटच बघत होते. बाई कुंदासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "कुंदाताई, मी कुठल्या बाजूला जाऊ?"

मी आयुष्यात बरीच मोठी माणसं पाहिली, मुलांनो. पण त्या प्रश्नाएवढं मोठं मी काही ऐकलेलं नाही.

कुंदाचा आवाज फुटला. "मावशी, तुमी वढ्याकडं जा. अनशे, तू पार्किंगला, परत्येक गाडी थांबीव. सुमन, कणसवाल्यांच्या रांगंला. रेखाला आदी सांगू नगं, मी जाते तिच्याकडं. हेडबाई, तुमी दारात उभ्या ऱ्हा. एक पोर भाईर जाता कामा न्हाई." कार्ल्याहून मदतीला आलेली अनसूया लंगडत पळाली. बाई धावल्या. साडी खोचून, अनवाणी, त्या वयात. मी दारात आडवे हात पसरून उभी राहिले. मला एवढं साधं, एवढं अवघड काम कोणी कधी दिलं नव्हतं.

पोरगी सुमनला सापडली. आईच्या कणसांच्या हातगाडीच्या वासाने निघाली होती, पण रांगेत चुकून दुसऱ्याच म्हातारीच्या हातगाडीशी गेली. म्हातारीला वाटलं, रेखानेच पाठवलीय. तिने तिला प्लास्टिकच्या कागदाखाली बसवलं आणि हातात अर्धं कणीस दिलं. स्वरा तोंड काळं करून ते खात बसली होती.

रेखा पोरीला पोटाशी धरून कुंदाला वाट्टेल ते बोलली. कुंदाने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मावशी कुटं हाईत?" बाई अजून आल्या नव्हत्या, पोरगी सापडल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कुंदा ओढ्याकडे पळाली. ती बाईंना धरून घेऊन आली तेव्हा त्या कमरेपर्यंत चिखलाने भरल्या होत्या आणि हातातली काठी सोडत नव्हत्या. ते पाणी त्यांनी काठीने चाचपलं होतं. काय चाचपत होत्या हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दुसरं मात्र विचारलं. संध्याकाळी त्यांना माझी कोरडी साडी नेसवून चहा दिला तेव्हा म्हटलं, "बाई, सुतक गेलं चुलीत. तुम्ही ओरडला का नाहीत?"

बाईंनी कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, "मी ओरडले असते तर सगळ्या माझ्याकडे धावत आल्या असत्या. पोरगी माझ्याकडे नव्हती, हेडबाई."

सुतकाचा महिना संपला त्या दिवशी मळवलीच्या कार्यालयात सभा भरली. विश्वस्तांमध्ये तळेगावचे एक निवृत्त अभियंते होते, सज्जन आणि सावध. ते म्हणाले, "झालं ते नशिबाने निभावलं. रविवार बंद करा, आणि बाई, तुम्ही आता पुन्हा सूत्रं हाती घ्या. ही जोखीम आपल्याला झेपणार नाही." इतर विश्वस्तांनी माना डोलावल्या. टेबलापलीकडे कुंदा उभी होती. त्या रविवारनंतर ती भांडायचीच थांबली होती. तिने किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बाईंपुढे धरला.

"घ्या बाई. माज्याच्यानं न्हाई व्हायचं. रेखाची पोर गेली आसती तर मी कुटं तोंड दावलं आसतं?"

बाई मावश्यांच्या रांगेत, सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही. माझी लेखणी कागदावर थांबली होती. बाईंनी किल्ल्या घेतल्या की आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच जाणार, आणि नाही घेतल्या तर उद्या पाळणाघरं उघडणार कोण, हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं.

मग बाईंनी हात वर केला. शाळेतली मुलगी करते तसा, बोलण्याची परवानगी मागायला. कोणाकडे मागताहेत ते आधी कळेना. त्या कुंदाकडे बघत होत्या.

कुंदाने गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं. अखेर तीच म्हणाली, "बोला."

"रविवारी दारावर एक माणूस लागेल," बाई म्हणाल्या. "मला ठेवा."

रविवार आईचा म्हणणाऱ्या बाई रविवारची पाळी मागत होत्या. अभियंते काहीतरी बोलायला गेले, मी त्यांना हाताने थांबवलं. कुंदाची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून खाली आली, गुडघ्यांवर. ओढ्यात घसरल्यापासून बाई भिंत धरून उठत होत्या.

"न्हाई," कुंदा म्हणाली.

मी कागदावरून मान वर केली.

"न्हाई, मावशी. दारावर पळनारं मानूस पायजे. तुमचं गुडघं ऱ्हायल्यात का? पोर एकदा गल्लीत शिरलं तर तुमी कवा गाठायचं? रईवारी दारावर सुमन बसंल. आन् दाराला कडी बी लावून घ्यायची उद्याच." बोलता बोलता तिचा आवाज नेहमीसारखा भांडायला लागला होता, आणि हात किल्ल्यांसकट कधी मागे गेला ते तिलाही कळलं नव्हतं. "तुमी शनवारी या. पेज करायला."

"बरं," बाई म्हणाल्या.

"लिवा, हेडबाई," कुंदा मला म्हणाली. मी लिहिलं.

सभा संपल्यावर मी मागच्या दारी गेले. बाई मोरीशी स्टुलावर बसून सगळ्यांच्या कपबश्या विसळत होत्या. मला बघितल्यावर त्यांनी नळ बंद केला. एखाद्या आईने शेजारणीला बोलावून, पोर आज पहिल्यांदा चाललं म्हणून सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"हेडबाई, ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "मला नाही म्हणाली!"